नव्या पाण्यातला पहिला मासा

आधी माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलेलं नाही, आणि मी गेलो तोही प्राणीशास्त्राकडे. मराठीत मला कायम काठावरचे गुण. कॉलेजात मराठी शिकवलेल्या मॅडम भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "समुद्रात जाऊन आलास ना? मग लिही की. तुझ्या वर्गातल्या किती जणांनी बघितलाय?" मी म्हणालो, मॅडम, गेलो म्हणजे फक्त अर्धा दिवस. त्या म्हणाल्या, मग अर्ध्या दिवसाचं लिही. म्हणून लिहितो आहे. चुकलं तर सांभाळून घ्यावं. कोकणातल्या कुणाच्या हाती हे पडलं तर त्यांनी जास्तच सांभाळून घ्यावं, कारण त्यांची बोली मी कानाला जशी आठवते तशीच उतरवली आहे.

आमचं गाव सोनपेठ तालुक्यात, गोदावरीच्या काठावर. आमच्याकडे तिला गोदावरी कुणी म्हणत नाही, गंगा म्हणतात. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणतो, गंगेत मासे धरतात. दादांकडे नाव नाही. थर्माकोलचे जाड तुकडे सुतळीने एकत्र बांधायचे, वरून पोतं शिवायचं, त्यावर मांडी घालून बसायचं आणि दोन हातांत दोन फळकुटं घेऊन पाणी मागे सारत जायचं, अशी आमची नाव. बंधारा झाल्यापासून पाणी खूप आत पसरलेलं असतं. दादा त्या थर्माकोलवर बसून इतके लांब जातात की काठावरून नुसता पांढरा ठिपका दिसतो. लहानपणी मला वाटायचं, एवढं पाणी जगात दुसरीकडे नसेल.

दिवाळीच्या सुमाराला माय आणि दादा चुलत्यांच्या टोळीबरोबर ऊसतोडीला जातात. चुलते टोळीचे मुकादम आहेत. मला मात्र दादांनी अकरावीपासून परभणीला होस्टेलवर ठेवलं, एकाही हंगामाला नेलं नाही. पदवी झाली, वर्ष गेलं, हाताला काम लागेना. तेव्हा चुलते एकदा ओट्यावर बसून म्हणाले, "हे बघ, दसऱ्यापस्तोर काय व्हायचं ते होऊ दे. न्हाई झालं तर तुझं नाव टोळीत धरतो. तू शिकलायस म्हणून ऊस काय लाजायलाय का?"

सगळे हसले. मीही हसलो. दादा हसले नाहीत.

त्याच आठवड्यात मला मोबाईलवर एक जाहिरात दिसली. कोकण किनाऱ्यावरच्या एका प्रशिक्षण केंद्रात समुद्री मासेमारीचं एक वर्षाचं शिक्षण, राहणं-जेवण तिकडेच, आणि पुढे बोटीवर किंवा मत्स्य खात्यात काम मिळण्याची शक्यता. आधी लेखी परीक्षा, तिच्यातून सहा जण निवडणार, आणि त्या सहांना अर्धा दिवस बोटीतून समुद्रात नेऊन त्यांतले तीन घेणार. लेखी मी पास झालो. हे सांगताना अजूनही बरं वाटतं. सहांत समुद्रापासून लांबचा मी एकटाच होतो.

निघायच्या आदल्या दिवशी माय दशम्या बांधताना म्हणाली, "समिंदरात पडलास तर? तिथं तुला कोण काढायलंय?"

"पोहता येतं की मला."

"गंगेत येतं. गंगा वळखती तुला."

दादा जाळ्याची भोकं सांधत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "नवं पाणी हाय. ध्यानात हाय न्हवं?"

मी हो म्हणालो. त्यांना काय म्हणायचं होतं ते मला ठाऊक होतं. आमच्याकडे एक रीत आहे. दरवर्षी नाही, पण कधीही नव्या पाण्यात पहिल्यांदा गळ किंवा जाळं टाकलं, मग ते धरण असो, तलाव असो की पुरानंतर तयार झालेला नवा डोह असो, तर त्या पाण्यातला आपल्या हाताला लागलेला पहिला मासा कपाळाला लावायचा आणि परत सोडायचा. तो आपला नसतो, पाण्याचा असतो. दादा एकदा येलदरीच्या धरणावर गेले होते तेव्हा पहिलाच आठ किलोचा कटला लागला आणि त्यांनी तो सोडला. सोबतचे लोक आजही ती गोष्ट सांगताना कपाळावर हात मारतात. दादा म्हणतात, "पाण्याला आपली वळख पटली पायजे. आल्या आल्या ताटावर बसणाऱ्याला कोण बरं म्हणतंय?"

तीन गाड्या बदलून मी मालवणच्या बाजूला, केंद्र होतं त्या बंदरावर पोचलो. गणपती नुकतेच गेले होते. समुद्र पहिल्यांदा बघितला तेव्हा काय वाटलं ते लिहायचं ठरवलं होतं, पण खरं सांगायचं तर मला आधी वास आला. ओल्या जाळ्याचा, डिझेलचा आणि माशांचा वास. आमच्या ओट्यावर येतो तसलाच, फक्त शंभरपट. मला एकदम धीर आला.

पहाटे उजाडताना आम्ही सहा जण बोटीजवळ उभे राहिलो. बरोबर केंद्राचे एक सर होते, हातात वही आणि वजनाचा लटकवायचा काटा घेऊन. बोटीचे तांडेल, म्हणजे बोट चालवणारे प्रमुख, साठीच्या आसपासचे, बारीक, काळे, डोक्याला टॉवेल बांधलेले होते. सरांनी नियम सांगितले. प्रत्येकाला एक दोरी, एक गळ. जो जेवढं धरेल त्याचं वजन त्याच्या नावावर. निम्मे गुण वजनाला आणि निम्मे गुण तांडेलांच्या हातात. ते कशासाठी देणार हे सरांनी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

बोट सुटली. माझ्या शेजारी एक उंच मुलगा बसला होता, वडिलांची स्वतःची बोट असलेला. त्याने विचारलं, "तू कुठचा?"

"परभणीचा."

"परभणी!" तो बाकीच्यांकडे वळला. "अरे, ह्यांच्याकडे पाणी टँकरनं येतं. हा मासे कशात धरत असेल, टँकरात?"

"नळातच लागत असतील गळाला," दुसरा म्हणाला.

मी म्हणालो, "आमच्याकडे गंगा आहे. गोदावरी." आणि मग, कशाला सांगितलं कोण जाणे, पण थर्माकोलचंही सांगितलं.

"थर्माकोलवर बसून?" उंच मुलगा इतका हसला की त्याला ठसका लागला. "गणपतीच्या मखरात बसून मासेमारी करतात रे हे!"

हसू मलाही आलं असतं, जर ते दादांबद्दल नसतं तर. तांडेल पुढे बघत होते. त्यांनी ऐकलं की नाही ते कळलं नाही.

बंदराच्या बाहेर पडल्यावर बोट हलायला लागली. गंगेत लाट अशी नसतेच, वाऱ्याने सुरकुती पडते तेवढीच. इथे अख्खं पाणीच श्वास घेतल्यासारखं वर येत होतं आणि खाली जात होतं. थोड्या वेळाने मी बोटीच्या कडेवरून वाकलो आणि मायच्या दशम्या समुद्राला दिल्या. तांडेल म्हणाले, "लांब बघ, झिला. पाण्याकडे बघू नको, डोंगराकडे बघ." मी किनाऱ्यावरच्या डोंगराकडे बघत राहिलो. हळूहळू पोट जागेवर आलं. पुढे अर्ध्या तासाने उंच मुलालाही तेच झालं. तेव्हा मी त्याला डोंगराकडे बोट दाखवलं.

तांडेलांनी बोट एका जागी थांबवून नांगर टाकला. खाली खडक आहे, म्हणाले, पंधरा-सोळा वाव पाणी. आमच्याकडे विहिरीची खोली परसात, म्हणजे माणसाच्या उंचीत, मोजतात, इथे हात पसरून वावेत मोजतात. मी मनात हिशेब केला तर आमच्या गावच्या दोन विहिरी एकावर एक ठेवाव्यात एवढं खोल. दोरी मात्र ओळखीची निघाली, तीच नायलॉनची तंगूस, तीच प्लॅस्टिकच्या बाटलीला गुंडाळलेली. गळाला कोळंबी लावली, शिसं सोडलं. दोरी जात राहिली, जात राहिली, आणि एकदाची ढिली पडली. तळ लागला होता.

इथून पुढचं मात्र मला येत होतं. दादांनी मला दोरी हातात नाही, बोटात धरायला शिकवलं आहे. अंगठ्याने दाबायची नाही, पहिल्या बोटाच्या पेरावर नुसती टेकवून ठेवायची. "मासा आधी विचारतो," असं दादा म्हणतात, "मग खातो. त्यानं विचारलं की गप बसायचं." बाकीचे पाच जण मुठीत दोरी धरून बसले होते. माझ्या पेरावर एक बारीक टकटक झाली. मी गप बसलो. परत झाली. मग दोरी हलकेच जड झाली, आणि मी झटका दिला.

ओढायला खूप वेळ लागला. हात भरून आले. गंगेतला मासा आडवा पळतो, हा सरळ खाली जायला बघत होता. शेवटी पाण्यात तपकिरी काहीतरी वळताना दिसलं आणि मी तो आत घेतला. अंगावर गडद ठिपके, तोंड एवढं मोठं की माझी मूठ गेली असती.

"गोबरा!" कुणीतरी ओरडलं. सर वही काढत म्हणाले, "वा. बोटीवरचा पहिला. आणा इकडे काट्यावर."

सगळे माझ्याकडे बघत होते. उंच मुलगासुद्धा. मी गळ काढला. मासा दोन्ही हातांत धरला तेव्हा वजन कळलं, अडीच किलोच्या खाली नक्की नव्हता. मी खोटं लिहिणार नाही. मनात आलं, की दादा इथे कुठे बघायलेत. हेही आलं, की निम्मे गुण वजनाला आहेत, आणि घरी मुकादम चुलते दसऱ्याची वाट बघत आहेत. पण मनात येणं आणि हातून होणं यांत फरक असतो. मासा माझ्या कपाळाला लागला होता, कधी लावला ते मलाच कळलं नाही. मी वाकलो आणि तो पाण्यात सोडला.

सरांनी काटा खाली घेतला. मग सर म्हणाले, "अहो, हे काय केलंत?"

मी म्हणालो, "सर, आमच्याकडे नव्या पाण्यातला पहिला मासा..." आणि थांबलो. कारण मासा खाली जात नव्हता.

गंगेत सोडलेला मासा एक शेपटी मारतो आणि नाहीसा होतो. हा पोट वर करून तरंगत होता. पोट फुगून फुटबॉलसारखं झालं होतं, डोळे बाहेर आले होते. तो शेपटी मारत होता, पण जागेवरच गोल फिरत होता. मी पाण्याला दिलं असं मला वाटलं होतं, आणि पाणी ते घेत नव्हतं.

"समुद्राला नैवेद्य दाखवला परभणीवाल्यानं," उंच मुलगा म्हणाला, "आणि समुद्र म्हणतो, पोट भरलंय माझं!"

सगळे हसले. तांडेल हसले नाहीत. त्यांनी लांब दांड्याची जाळी घेतली, वाहत चाललेला मासा अलगद उचलला आणि माझ्यासमोर धरला.

"ह्यो नदीतलो मासो न्हय, झिला. खोलातसून वर काढलंस, पोटात वारो भरलो तेच्या. आता तो बुडाचो नाय. घे, काट्यार ठेव."

सर म्हणाले, "घ्या, घ्या. परत मिळाला ना? धरतो वजनात."

"घे रे येड्या," मागून कुणीतरी म्हणालं.

मी तोपर्यंत त्या बोटीवर चार वाक्यं धड बोललो नव्हतो. मला मोठ्या माणसांसमोर बोलताना नेहमी अडखळायला होतं. पण तेव्हा मी अडखळलो नाही. म्हणालो, "नाही सर. दिलेला आहे तो. दिलेला परत घेत नसतात."

"अहो, पण तो असाही मरणारच आहे."

"मरू दे सर. पण माझ्या वजनात नको."

"मग तुमच्या नावावर शून्य राहील."

"राहू द्या."

सरांनी वही मिटली. तांडेल माझ्याकडे वळले. मग विचारलं, "बापाशीन शिकवल्यान तुका ह्या?"

"हो."

"बापूस काय करता?"

मी उंच मुलाकडे बघितलं नाही. म्हणालो, "थर्माकोलवर बसून मासे धरतात. गंगेत."

तांडेलांनी मान हलवली, जशी एका कामाच्या माणसाने दुसऱ्या कामाच्या माणसाबद्दल ऐकताना हलवावी. मग ते केबिनमध्ये गेले आणि पोती शिवायचा दाभण घेऊन आले. मला म्हणाले, "धर घट्ट." मी मासा धरला. त्यांनी त्याच्या बाजूच्या पराच्या, म्हणजे पोहायच्या पंखाच्या, मागे एक खवला बोटाने उचलला आणि दाभणाचं टोक तिरकं आत सरकवलं. फुस्स असा बारीक आवाज आला. पोट हळूहळू बसत गेलं. माझ्या हातात ते बसताना मला कळत होतं.

"आता सोड. डोक्या खाली करून सोड."

मी दंडापर्यंत हात पाण्यात घातला आणि मासा डोकं खाली करून धरला. थोडा वेळ तो तसाच राहिला. मग त्याने एकदा शेपटी मारली, माझ्या तोंडावर खारं पाणी उडालं, आणि तो सरळ खाली गेला. हिरव्या पाण्यात तो दिसेनासा होईपर्यंत आम्ही सगळेच बघत होतो. या वेळी कुणी हसलं नाही. उंच मुलाने हळूच विचारलं, "दाखव ना, दोरी बोटावर कशी धरतोस." मी दाखवली.

पुढे काही चमत्कार झाला असं वाचणाऱ्यांना वाटेल. तसं नाही. मला नंतर चार छोटे राणे मासे मिळाले, तळहाताएवढे गुलाबी, आणि एक शिंगाडा, ज्याने काटा मारून माझा अंगठा सुजवला. दुपारी बंदरावर सरांनी सगळ्यांचं वजन केलं. उंच मुलगा पहिला आला. माझं वजन सहांत पाचवं. तांडेल दोरखंड गुंडाळत होते. मी त्यांच्या पाया पडलो तर म्हणाले, "जा, गाडी चुकात," आणि परत दोरखंडाकडे वळले.

परतीच्या रस्त्याला मी मनातल्या मनात टोळीत नाव घालून टाकलं होतं. पण एक गोष्ट लिहायलाच हवी. मला वाईट वाटत नव्हतं. खिडकीशी बसून मी किती तरी वेळा ते सगळं परत आठवलं आणि दर वेळेला मान ताठ होत होती. भर बोटीवर, सगळ्यांसमोर, माझ्या वडिलांचं काम मी मोठ्याने सांगितलं होतं. कॉलेजची तीन वर्षं मी फॉर्मवर वडिलांच्या धंद्याच्या रकान्यात 'शेती' लिहीत आलो होतो. आमच्याकडे गुंठाभरही शेती नाही.

घरी पोचलो तर दादा काठावरच भेटले.

"सोडलास का पैला?"

"सोडला. गोबरा होता, अडीच किलोचा."

"गेला नीट?"

मी त्यांना सगळं सांगितलं. पोटात भरणारा वारा, पराच्या मागे तिरका घातलेला दाभण, डोकं खाली करून सोडणं. दादा मध्येच थांबवून विचारत होते. किती खोल पाणी? खवला उचलून, का तसाच? वारं बाहेर येताना आवाज येतो? आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना माशाबद्दल असं काही सांगत होतो जे त्यांना ठाऊक नव्हतं. वजनाचं त्यांनी विचारलंच नाही, मीच सांगितलं. ते म्हणाले, "असू दे." दुसऱ्या दिवसापासून बंधाऱ्यावर जो भेटेल त्याला ते थांबवून सांगायला लागले, "समिंदरातल्या माशाचं लय येगळं असतंय बरं का. आमचं पोरगं बघून आलंय."

माय म्हणाली, "सगळं गाव समिंदर शिकायलंय आता."

दिवस जात राहिले. घटस्थापना झाली. चुलत्यांनी टोळीची यादी लिहायला घेतली आणि एका संध्याकाळी वही घेऊनच आले. म्हणाले, "काय कळलं का तिकडून?"

"अजून नाही, काका."

"मग लिहू का नाव?"

मी दादांकडे बघितलं. दादा म्हणाले, "दसरा अजून चार दिसावर हाय." चुलते वही काखेत मारून गेले. त्यांनाही वाईटच वाटत होतं, हे मला तेव्हा कळलं. उसाला माणूस कमी पडतो म्हणून ते विचारत नव्हते. पोरगं रिकामं राहू नये म्हणून विचारत होते.

अष्टमीच्या सकाळी मी दादांबरोबर पाण्यावर होतो, दुसऱ्या थर्माकोलवर, जाळं सोडवत. मोबाईल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात बांधलेला होता. तो वाजला. अनोळखी नंबर. ओल्या हातांनी पिशवीवरूनच उचलला. केंद्रातले सर होते.

"दोन दिवस झाले फोन लावतोय, लागतच नाही तुमचा. कुठे असता?"

"पाण्यात असतो सर."

"बरं, ऐका. यादी लागली. वजनात तुम्ही पाचवे होतात, ते तुम्हाला माहीत आहे. तांडेलांनी त्यांच्याकडचे सगळे गुण तुम्हाला दिलेत, पूर्णच्या पूर्ण. मी तेवीस वर्षं हे काम करतोय, त्यांनी पूर्ण गुण कुणाला दिलेले मी बघितले नव्हते. तिसरं नाव तुमचं आहे. एक तारखेला हजर व्हा, मूळ कागदपत्रं घेऊन."